ब्रूडरची ज्योत वाढवणे

गुरुवारी शाळा सुटता सुटता आईचा फोन आला.

"तुझ्या पुस्तकात गॅसचं काय हाय का बग," ती म्हणाली.

मी बेळगावच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आईच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट माझ्या पुस्तकात असतेच, मी नीट शोधत नाही एवढंच.

"कसला गॅस?"

"ब्रुडर आलाय. शनवारी कंपनीचं सायेब येनार हायेत. त्यांच्यासमोर मी पेटवून दावायचा, परत मीच ते... पेटलेलं आवरून दावायचं. जमलं तर आपल्याला पिल्लं. न्हाय जमलं तर दुसऱ्याच्या शेडात."

"आप्पांना सांग की पेटवायला."

"तेबी सायबास्नी विचारलंवतं. सायेब म्हनले, पिल्लांजवळ कोन असनार? म्हटलं, मीच. मग म्हनले, तुम्हीच दावा."

साहेबांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ब्रूडर म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी. शेडच्या आढ्याला साखळीने टांगलेली, उलट्या परातीसारखी. खाली भाताचं तूस पसरलेलं असतं आणि त्यावर पिल्लं. पंखाखाली घ्यायला कोंबडी नसते, म्हणून ही परात. कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषध देते. शेड आणि राबणं आपलं. ज्या शेडमध्ये माणूस गॅसला घाबरतो तिथे एक तर पिल्लं गारठतात, नाहीतर तूस पेटतं. दोन्ही त्या साहेबांनी पाहिलेलं होतं. त्यामुळे नवीन शेड असलं की घरातल्या नेमक्या माणसाने त्यांच्यासमोर ब्रूडर लावून आणि बंद करून दाखवल्याशिवाय ते पिल्लांची गाडी पाठवत नसत.

आईला ती पिल्लं किती हवी होती हे मला ठाऊक होतं. निपाणीच्या आसपासच्या बहुतेक गावांप्रमाणे आमच्या गावातही बायका विड्या वळतात. आईने लग्न होऊन आल्यापासून मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून विड्या वळल्या. माझी फी, माझी पुस्तकं, बेळगावच्या वसतिगृहातलं माझं जेवण, सगळं त्या सुपातून आलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पदवीच्या दिवशी आई काळा गाऊन हाताने चाचपून म्हणाली होती, "कापड बरं हाय." पुढे तिला तंबाखूच्या धुळीने खोकला जडला, मान दुखायला लागली आणि डॉक्टरांनी सूप सोडायला सांगितलं. तिने सोडलं, पण रिकामं बसणं तिला त्या खोकल्याहून जास्त सोसेना. घरामागच्या परड्यातलं हे छोटं शेड तिने हट्टाने उभं करवून घेतलं. तिला कुणाच्या हाताखालचं काम नको होतं, आणि घरात बसून राहणंही नको होतं.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पिरनवाडीतल्या माझ्या खोलीवरून निघाले. बसमध्ये मोबाइलवर ब्रूडरबद्दल मिळेल ते वाचत, बघत गेले. निपाणीच्या स्टँडवर आप्पा, म्हणजे माझे वडील, गाडी घेऊन उभे होते. मी पाठीमागे बसताच म्हणाले, "तुझी आई दोन दिवस झाले त्या परातीकडं अशी बगायलीया, जशी ती हिला चावनार हाय."

ब्रूडर नवा नव्हता. चिकोडीकडच्या एकाने शेड बंद केलं होतं, त्याच्याकडून घेतलेला. आई आणि मी तो अंगणात पोत्यावर उतरवून घेतला. आधी फिल्टर उघडला. आत आधीच्या मालकाच्या कोंबड्यांची धूळ जाड घोंगडीसारखी बसली होती. ती झटकताना आईला तेवढ्यातही कुतूहल होतं की त्या कोंबड्यांना कुठलं खाद्य घालत असतील. मग गॅस आणि हवा जिथे मिसळतात ती नळी पाहिली. तिच्यात कोळ्याने जाळं केलं होतं. अशा नळ्यांमध्ये कोळी हटकून घर करतो, आणि मग ज्योत निळीऐवजी पिवळी येते आणि काजळी धरते, हे मी बसमध्ये वाचलं होतं. ते तिथे खरोखरच निघाल्यावर आईच्या नजरेत माझं वजन एकदम वाढलं.

"मोबाइलमदी कोळीबी दिसला व्हय तुला?"

ते वजन जेटपाशी परत घटलं. जेट म्हणजे जिच्या बारीक भोकातून गॅस येतो ती पितळी टोपी. आईने घरातून स्टोव्हची पिन आणली. रॉकेलचा स्टोव्ह घरातून जाऊन किती काळ झाला, पण पिन तिने खिळ्याला अडकवून ठेवली होती.

"पिन नको," मी म्हणाले. "भोक मोठं होतं. गॅस जास्त येतो."

"आयुष्यभर स्टोला पिनच घातली. तुझा चा त्याच्यावरच झालाय."

"स्टोव्हची गोष्ट वेगळी गं."

"स्टोला येगळं भोक असतंय?"

शेवटी जेट ब्रशने घासला आणि सायकलच्या पंपाने हवा मारून साफ केला. पंप मारायला आईला फार आवडलं. गरजेपेक्षा बराच वेळ मारला.

रबरी नळी वळणावर तडकली होती. आप्पांनी तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळू म्हटलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "आपली पान्याची मोटार पट्टीवरच चालतीया." मी म्हटलं, मोटारीतून पाणी गळतं, यातून गॅस गळेल. ते निपाणीला जाऊन नवी नळी आणि दोन क्लिपा घेऊन आले. ब्रूडर शेडमध्ये टांगला, सिलिंडर बाहेर, भिंतीआडच्या सावलीत ठेवला. गॅसची टाकी आत ठेवायची नाही, हे साहेबांनी आधीच बजावलेलं होतं. मग मी साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर लावला. रेग्युलेटरजवळच्या जोडावर एक फुगा हळूहळू मोठा झाला आणि फुटला. आई वाकून बघत राहिली.

"सर्दी झालेल्या बाळावानी करतंय की गं."

क्लिप आवळल्यावर फुगा यायचा थांबला. आई तेवढ्यावर समाधानी नव्हती. तिने घरातल्या स्वयंपाकाच्या गॅसला, शेजारणीच्या गॅसलाही तोच फेस लावून बघितला. शेजारणीकडे फुगा आला नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलंसं दिसलं.

पेटवण्याची वेळ आली तेव्हा उन्हं कलली होती. शेडचे पडदे वर केले. आप्पा बाहेर सिलिंडरपाशी, आई आत ब्रूडरपाशी, मी तिच्या शेजारी. मध्ये भिंत, त्यामुळे सगळा कारभार हाकेवर. मी क्रम सांगितला: आईने "सोडा" म्हटलं की आप्पांनी सिलिंडर हळू उघडायचा. आईने ब्रूडरचं बटण दाबून धरायचं आणि लायटर लावायचा. ज्योत धरल्यावरही बटण सोडायचं नाही, कारण ज्योतीपाशी एक तांब्याची कांडी असते. ती तापल्यावरच गॅसची झडप आपली आपण उघडी राहते. काही कारणाने ज्योत गेली तर कांडी गार होते आणि झडप गॅस तोडते. त्या कांडीला थर्मोकपल म्हणतात. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत मी तिची दोन टोकं गरम आणि थंड पाण्यात धरून सुई किती हलते ते लिहून काढलं होतं. ते का करायचं हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. आईच्या शेडमध्ये ते पहिल्यांदा कामाला आलं.

पहिल्यांदा भक् झाल्याबरोबर आईने बोट काढलं. ज्योत गेली.

"आता थांबायचं," मी म्हणाले. "लगेच परत नाही लावायचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर जात नाही, खाली तुसात बसून राहतो. तो जाऊ द्यायचा."

आईने सूप आणलं आणि जमिनीलगत वारा घालून घालून गॅस पडद्याखालून बाहेर हाकलला, जसं काही मांजर हाकलतेय. परत लावलं. परत बोट लवकर निघालं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "आई, मनात काहीतरी मोज."

"काय मोजू?"

"काहीही. तुला सवय आहे ते."

तिने बटण दाबलं, लायटर लावला आणि डाव्या हाताची बोटं हवेत हलायला लागली. पान, चिमूट, गुंडाळी, दोरा. एक विडी हवेत वळून झाली. मग दुसरी. मग तिने बटण सोडलं. ज्योत तशीच राहिली. वरची जाळी आधी तांबूस, मग लाल झाली. आईच्या तोंडावर तिचा उजेड आला.

"जमलं की," ती हळूच म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर ज्योत ऐकेल.

खरी गंमत यानंतर झाली. पेटवून झालं, आता बंद करायचं. क्रम असा की आधी बाहेरचा सिलिंडर बंद करायचा, नळीत उरलेला गॅस जळू द्यायचा, ज्योत आपोआप गेली की मग ब्रूडरचा नॉब. म्हणजे नळीत गॅस राहत नाही आणि उंदराने नळी कुरतडली तरी चिंता नाही. हे मी आईला दोनदा सांगितलं होतं. तिने पदर सारखा केला आणि भिंतीकडे तोंड करून हाक दिली, "अवो, वाढवा."

आप्पांनी रेग्युलेटर फिरवून गॅस वाढवला.

ज्योत फुरफुरत परातीच्या कडेपर्यंत आली. आई मागे सरकली आणि परत म्हणाली, या वेळी जोरात, "वाढवा म्हनतोय न्हवं."

आप्पांनी आणखी वाढवला. मी पळत बाहेर गेले आणि सिलिंडर स्वतः बंद केला. आप्पा गोंधळून माझ्याकडे बघत होते. "ती म्हनली वाढवा, मी वाढवलं. आनि किती वाढवू?"

आई बाहेर आली. "अवो, दिवा वाढवा म्हनल्यावर काय करता तुम्ही? वात मोठी करता?"

"दिवा येगळा. ही मशीन हाय."

"आग ती आगच."

मराठी माणसाला हे समजवायला नको. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. संध्याकाळी दुकान वाढवतात. तसा देवापुढचा दिवाही आमची आई कधी विझवत नाही, तो वाढवते. विझणे हा शब्द तिने जळत्या गोष्टीबद्दल आजवर तोंडातून काढलेला मला आठवत नाही. फोनवरही ती "पेटलेलं आवरून" म्हणाली होती. उलट बसमध्ये वाचून आल्यावर मी आप्पांना दुपारीच शिकवून ठेवलं होतं, "ज्योत कमी असेल तर आतून वाढवा म्हणू, मग थोडा रेग्युलेटर फिरवा." दोन्ही मराठी बरोबर होत्या. भिंतीच्या आत एक आणि बाहेर एक, एवढाच घोटाळा.

"सोपं आहे," मी म्हणाले. "नुसतं बंद म्हण."

"तिन्हीसांजेला? पेटत्या आगीला बंद म्हनू? अजून पिल्लंबी आल्याली न्हाईत."

"मग शांत करा म्हण," आप्पा म्हणाले.

"मानूस गेल्यावर शांत झाला म्हनत्यात."

आम्ही तिघं अंगणात बसलो आणि शब्द शोधायला लागलो. मला एक कल्पना सुचली. आईला विड्यांच्या मैत्रिणींमुळे कानडी चांगलं येतं. मी म्हटलं, "कानडीत म्हण. आरसु म्हण, अर्थ तोच. तुझ्या तोंडून मराठी वाईट शब्द गेला असं होणार नाही."

आईला हे पटलं. तिने दोनदा म्हणून बघितलं. आरसु, आरसु. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "कानडीत म्हटल्यालं आपल्या देवाला कुठं कळतंय."

"आपला देव कुठला?" आप्पा म्हणाले. "सौंदत्तीची यल्लम्मा. ती काय मराठी शाळेत गेलीवती?"

आईने जीभ चावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय गं. तिला कळंल."

कानडी बाद झालं. आत जेवायला बसलो तरी विषय संपला नव्हता. आई आप्पांना भात वाढत होती. आप्पा बोलण्याच्या नादात होते, ताट भरलं तसा त्यांनी हात आडवा केला. "बास, बास."

आईचा हात थांबला. ती चमचा तसाच धरून म्हणाली, "हेच की."

"काय?"

"बास. जेवताना बास म्हटलं की वाढनारी थांबतीया. वाईट काय न्हाय त्यात. पोट भरल्यावर म्हनत्यात."

ठरलं. सिलिंडर उघडायचा तर "सोडा", जास्त पाहिजे तर "मोठी", आणि थांबवायचं तर "बास". "वाढवा" हा शब्द शेडमध्ये कुणी काढायचा नाही. शनिवारी सकाळी आम्ही हे परत परत करून बघितलं. आई हाक द्यायची, आप्पा भिंतीमागून "व्हय" म्हणायचे, आणि ज्योत सांगितल्यासारखी वागायची. शेवटी आप्पांनी विचारलं, "आता चा मिळंल का, का त्याचाबी शब्द ठरवायचा हाय?"

साहेब दुपारी आले. गोकाककडचे कानडी माणूस, वयाने माझ्याएवढे, मराठी कामावर शिकलेले. पायातले बूट शेडच्या दारात काढून, चुन्यात पाय बुडवून आत आले. नळी वाकवून बघितली, क्लिप हलवून बघितली, सिलिंडर बाहेर ठेवलेला बघून मान हलवली. तूस मुठीत घेऊन दाबलं. ब्रूडरच्या खाली हात धरून म्हणाले, "हे थोडं खाली टांगलाय. पिल्लं यायच्या आधी दोन कड्या वर घ्या, तूस तापतंय नाहीतर." ते आम्हा तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग म्हणाले, "हं, अक्का. पेटवा बघू."

मी दाराबाहेर उभी राहिले. आत कुणी मदत करायची नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. आईने पडदे बघितले, हाक दिली, "सोडा." बटण दाबलं. डाव्या हाताने दोन विड्या वळल्या. साहेब त्या बोटांकडे नवलाने बघत राहिले. बटण सुटलं, जाळी लाल झाली. 

"छान," साहेब म्हणाले. "आता थोडं वाढवा."

आईने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत तिने मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाली, "बास."

आप्पांनी सिलिंडर बंद केला. ज्योत नळीतला गॅस संपेपर्यंत जळली, लहान झाली, गेली. आईने नॉब फिरवला, एक पाऊल मागे सरली आणि हात पदराला पुसला.

साहेब तिच्याकडे बघत होते. "अक्का, काय केलात? मी वाढवा म्हणलो."

"वाढवली की."

"कुठं वाढवली? गेली ती."

"व्हय, मग?"

साहेबांनी कपाळावर हात फिरवला. "घाबरलात तुम्ही. असू दे. पुढच्या बॅचला बघूया, नाही काय? तोपर्यंत सवय करा."

आईचा चेहरा उतरला. ती तुसात पायाने उगाच रेघ ओढायला लागली. मला आत जाऊन सगळं समजावायचं होतं, पण साहेबांना पुढे दुसरं शेड बघायचं होतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग ब्रूडरकडे. बहुतेक जाण्याआधी ज्योत कशी मोठी करायची ते स्वतः दाखवावं असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांनी लायटरला हात घातला आणि लगेच मागे घेतला. "थांबायला पाहिजे पाच मिनिटं," ते स्वतःशीच म्हणाले. "चला, बाहेर बसू."

त्या थांबण्यामुळे आम्हाला वेळ मिळाला. नियम त्यांचाच, आणि त्यांनी तो पाळला, म्हणून ते बाहेर बाजेवर बसले. आईने पाणी दिलं. मी म्हणाले, "सर, आई घाबरली नाही. आमच्यात दिवा वाढव म्हणजे..." आणि पुढे कसं सांगावं तेच मला सुचेना. विझव हा शब्द आईच्या समोर, तिच्या नवीन शेडच्या दारात, माझ्याही तोंडातून निघेना. पदवी कुठल्या कुठे गेली.

आप्पांनी सांगितलं, हाताने. आधी पंजा उघडा धरला, मग मिटला. "ह्याला आमच्यात वाढवनं म्हनत्यात. सरळ नाव घेत न्हाईत."

साहेबांनी पेला खाली ठेवला. "का घेत नाहीत?"

"सायेब," आई म्हणाली, "तुमची आई देवापुढचा दिवा कसा आवरती? काय म्हनती तवा?"

ते विचारात पडले. मग त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "दीपा दोड्डदु माडु."

आप्पा आधी हसले. आईला कानडी कळत होतं, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला अर्थ लावायला क्षणभर लागला: दोड्डदु म्हणजे मोठा. त्यांच्या घरातही दिवा जातो तेव्हा तो मोठा होतो.

"म्हंजे आमचं 'मोठी'बी गेलं की," आप्पा म्हणाले. "तुम्ही असताना तेबी म्हनायला न्हाय आता."

"हौद्री, खरं," साहेब हसत म्हणाले. "मी दहा शेडमध्ये वाढवा, वाढवा म्हणत फिरतोय. आता कळलं, काही अक्का का बंद करतात ते. मी समजत होतो घाबरतात." मग ते थोडे गंभीर झाले. "पण एक सांगतो. पेटवणारे लई बघितलोय. बंद करताना सगळे पहिला नॉब फिरवतात, टाकी तशीच ठेवतात. तुम्ही टाकी पहिला बंद केलात. मी सांगितलं पण नव्हतं."

"हिनं शिकवलंय," आई माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली. तेवढंच. पुढे तिने साहेबांना विचारलं, "मग पिल्लं?"

"परत एकदा दाखवा. आता मी बोलत नाही."

आत गेल्यावर साहेबांनी खरोखरच तोंड उघडलं नाही. तळहात वर केला की आईने हाक द्यायची "मोठी", खाली केला की "बास". ज्योत मोठी झाली, नीट निळी, मग गेली. पडदा वर करून आईने सूप घेतलं आणि जमिनीलगत वारा घातला. साहेबांनी बूट घालता घालता विचारलं, "बुधवारी चालेल काय गाडी?"

"चालंल," आई म्हणाली. आवाज अगदी साधा ठेवला तिने. पण साहेबांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी ती शेडमध्ये गेली, आणि कुणी बघत नाही असं समजून तुसावर बसून राहिली. मी दारातून बघितलं आणि परत फिरले.

बुधवारी मी पुन्हा रजा टाकली. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं, घरी पिल्लं येणार आहेत. त्यांनी सही करताना मान वर केली. आईने आदल्या संध्याकाळीच ब्रूडर लावून शेड तापवून ठेवलं होतं. दोन कड्या वर घेतल्या होत्या. खोकी आली, भोकंभोकं असलेली, आतून चिवचिव येणारी. साहेबांनी एक खोकं आईच्या हातात दिलं. तिने ते परातीच्या उजेडात हळूच तिरकं केलं आणि पिवळे गोळे तुसावर सांडले.

मी वाचलं होतं की पिल्लं पसरून बसली तर ऊब बरोबर. ज्योतीखाली एकावर एक चढली तर थंडी. लांब पळाली तर उष्णता जास्त. आधी ती सगळी उजवीकडे गोळा झाली. मी ज्योत मोठी करायला सांगणार होते. आई म्हणाली, "न्हाय. ज्योत बरी हाय. डाव्या अंगानं वारं येतंय." पडद्याचा एक कोपरा खिळ्यावरून निसटला होता. तिने तिथे पोतं लावलं. थोड्या वेळाने एक पिल्लू डावीकडे आलं, मग आणखी काही, मग सगळं शेड सारखं भरलं. काही पाणी प्यायला लागली, मान वर करून, थेंब गिळून. आई गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. तिची मान खाली होती, पण आज मानेची तक्रार नव्हती.

संध्याकाळच्या बसची वेळ होत आली होती. मी दारात उभी राहून अजून थोडं बघत होते. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, सुपाबद्दल, वसतिगृहाबद्दल, तांब्याच्या त्या कांडीबद्दल. वाक्य जुळत नव्हतं.

आईने मागे वळूनही बघितलं नाही. "कोन हाय दारात? आत तरी ये न्हायतर भाईर तरी जा," ती म्हणाली. "गार वारं येतंय माज्या पिल्लांना."

मी बाहेर आले आणि दार घट्ट लावलं.